यंत्राची ओळख आणि यंत्राचा पत्ता

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत पत्ता लिहिणे फार सोपे असते. सेक्टर कोणता, रस्ता कितवा आणि क्वार्टर कोणते, एवढे सांगितले की अनोळखी मनुष्यही कोणाला न विचारता इच्छित दारापाशी येऊन उभा राहतो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारानंतर हा कारखाना उभारण्यात आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या जोडीला जी वसाहत आखली गेली, ती आधी कागदावर आणि मग जमिनीवर उतरली. त्यामुळे तिच्यातील प्रत्येक घराचा क्रमांक त्या घराचे स्थान सांगतो.

रेल्वेमार्गाच्या पलीकडे सुपेला आणि कोहका या भागांत गेले की हे चित्र पालटते. कोहका हे मूळचे खेडे. शहर वाढत गेले आणि ते खेडे त्याच्या पोटात आले. येथे घरे आधी झाली आणि क्रमांक मागाहून पडले, म्हणून येथील पत्त्यात देऊळ, पाण्याची टाकी, किराणा दुकानाच्या मागची गल्ली असा मजकूर हटकून असतो. पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला घराच्या क्रमांकापेक्षा घरातील माणसाचे नावच अधिक उपयोगी पडते.

या दोन वस्त्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. संगणकांच्या स्थानिक जाळ्यात, म्हणजे एका इमारतीतील किंवा एका दुकानातील संगणक परस्परांशी जोडून जे जाळे बनते त्यात, प्रत्येक यंत्राला दोन प्रकारचे क्रमांक असतात. एक क्रमांक यंत्र कोण आहे हे सांगतो, दुसरा ते कोठे आहे हे सांगतो. कारखान्यातील कामगाराचा कर्मचारी क्रमांक तो नोकरीस लागला त्या दिवशी मिळतो आणि निवृत्तीपर्यंत बदलत नाही. त्याचे क्वार्टर मात्र बदलते. आज सेक्टर २ मध्ये राहणारा मनुष्य उद्या सेक्टर ७ मध्ये जाईल, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या क्वार्टरमध्ये दुसरा कोणी येईल. क्वार्टरचा क्रमांक तोच, माणूस वेगळा. हा भेद ध्यानात ठेवला तर पुढील विवेचन अवघड वाटणार नाही. तो विसरला तर काय अनर्थ होतो, तेही याच लेखात यथावकाश येईल.

आता कोहक्यातील एखादे लोकसेवा केंद्र डोळ्यांसमोर आणावे. छत्तीसगढमध्ये अशा केंद्राला लोक च्वाइस सेंटर म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेतील दुरुस्ती, परीक्षेचा अर्ज, छायाप्रती अशी सारी कामे तेथे होतात. चार संगणक, एक छपाईयंत्र, भिंतीवर खिळ्याला अडकवलेली आठ छिद्रांची एक लहानशी पेटी आणि तिच्या शेजारी मिणमिणते दिवे असलेली दुसरी पेटी, एवढा त्या केंद्राचा संसार. पहिल्या पेटीला स्विच म्हणतात, दुसरीला राउटर. दोन्ही पेट्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

तारेतून जाणारा संदेश अखंड प्रवाहासारखा जात नाही, त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला फ्रेम असे म्हणतात. फ्रेमच्या आरंभी ज्या यंत्राकडे ती जावयाची आहे त्याचा क्रमांक असतो, नंतर ज्याने ती पाठवली त्याचा क्रमांक, मग आत कोणत्या जातीचा मजकूर आहे हे सांगणारी छोटी खूण, मग मजकूर आणि शेवटी वाटेत काही बिघडले काय हे ताडून पाहण्यासाठी एक पडताळा. मजकूर एका वेळी १५०० बाइटांहून अधिक मावत नाही, म्हणून एखादे छायाचित्र पाठवायचे तर शेकडो फ्रेमा लागतात. पाठवणाऱ्याचे नाव प्रत्येक फ्रेमवर असते ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, परंतु स्विचचे सारे शहाणपण तिच्यावरच आधारलेले आहे.

या क्रमांकांचा जन्म कसा झाला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरील यंत्रे रेडिओच्या द्वारे मुख्य संगणकाशी जोडली. सर्वांना एकच रेडिओमार्ग होता. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर दोघांचेही संदेश नष्ट होत, आणि मग प्रत्येकाने यदृच्छेने ठरलेला थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा असा नियम होता. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी हा विचार रेडिओऐवजी तारेला लावला. २२ मे १९७३ च्या त्यांच्या टिपणात या योजनेला त्यांनी ईथरनेट असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रकाश वाहून नेणारे ईथर नावाचे एक सर्वव्यापी द्रव्य कल्पिले होते. १८८७ मधील मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या प्रयोगाला त्याचा मागमूस लागला नाही आणि पुढे ते शास्त्रातून हद्दपार झाले. असे एक बाद झालेले नाव आज घरोघरच्या तारांना चिकटून राहिले आहे, ही शास्त्राच्या इतिहासातील गमतीची गोष्ट होय.

मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांच्या पहिल्या जाळ्यात एकच लांब तार होती आणि सर्व संगणक तिला जोडलेले होते. एकाने पाठवलेली फ्रेम सर्वांच्या कानी पडे. प्रत्येक यंत्र फ्रेमवरचा पहिला क्रमांक वाची, तो आपला असेल तर फ्रेम उचली, नसेल तर सोडून देई. वाड्याच्या चौकात उभे राहून कोणी एखाद्याला हाक मारावी, ती साऱ्यांना ऐकू यावी आणि ओ मात्र एकानेच द्यावी, तसाच हा प्रकार. दुसऱ्याची हाक ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा येथे निव्वळ सभ्यतेचा भाग आहे. तसे न करणारे यंत्र सर्वांचे बोलणे टिपून घेऊ शकते, हा दोष या पद्धतीत जन्मजात होता.

त्या प्रयोगातील जाळ्यात यंत्राचा क्रमांक केवळ ८ अंशांचा होता. अंश म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक खूण, अशा ८ खुणांनी २५६ वेगवेगळे क्रमांक होतात. एका इमारतीला ते पुरेसे होते. मात्र क्रमांक कोणाला कोणता द्यायचा हे त्या त्या ठिकाणच्या माणसाने ठरवायचे आणि लक्षात ठेवायचे. एक यंत्र या इमारतीतून त्या इमारतीत नेले की तेथे तोच क्रमांक आधीच कोणाकडे असण्याचा संभव. दोन यंत्रांना एकच क्रमांक मिळाला म्हणजे दोघेही एकाच हाकेला ओ देणार आणि कोणाचेच काम नीट होणार नाही.

या अडचणीतून जो मार्ग निघाला त्यात मुंबईत शिकलेल्या एका अभियंत्याचा मोठा वाटा आहे. योगेन दलाल यांनी १९७२ साली पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे व्हिंटन सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला, वेगवेगळी जाळी परस्परांना जोडण्याच्या नियमांचा पहिला तपशीलवार मसुदा लिहिला. आज आपण इंटरनेट म्हणतो त्याच्या मूळ कागदपत्रांपैकी तो एक होय. पुढे झेरॉक्समध्ये असताना रॉबर्ट प्रिंटिस यांच्याबरोबर लिहिलेल्या १९८१ च्या निबंधात त्यांनी क्रमांक ४८ अंशांचा का असावा याची कारणमीमांसा केली. तिचे सार असे की, क्रमांक जाळ्याने देऊ नये, यंत्राबरोबर जन्मतःच यावा, आणि साऱ्या जगात तो कोणत्याही दुसऱ्या यंत्राला असू नये. मग यंत्र कोठेही न्या, कोणत्याही जाळ्यात जोडा, तंटा उद्भवणारच नाही. संगणक ही तेव्हा कार्यालयांतही दुर्मीळ वस्तू होती. अशा काळात २८१ लाख कोटींहून अधिक यंत्रांना पुरतील इतके क्रमांक राखून ठेवण्याची सूचना अनेकांना उधळपट्टीची वाटली असल्यास नवल नाही. आज ज्या प्रमाणात फोन, दूरचित्रवाणी संच, कॅमेरे आणि विजेचे दिवेसुद्धा जाळ्याला जोडले जातात ते पाहता, ती उधळपट्टी हीच खरी काटकसर ठरली असे म्हणावे लागते.

डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली मिळून जे प्रमाण ठरवले त्यात हा ४८ अंशांचा क्रमांक आला, आणि १९८३ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयईईईने, आपल्या मानकात तो स्वीकारला. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. लिहिताना तो दोन दोन चिन्हांच्या सहा गटांत लिहितात. शून्य ते नऊ हे आकडे आणि त्यांच्या पुढे दहा ते पंधरा यांसाठी ए ते एफ ही अक्षरे, अशी सोळा चिन्हे त्यात येतात. उदाहरणार्थ ००-१ए-२बी-३सी-४डी-५ई. पहिले तीन गट यंत्र बनवणाऱ्या कारखान्याचे. ते आयईईईकडून मागून घ्यावे लागतात. उरलेले तीन गट कारखान्याने स्वतः क्रमवार वापरायचे. एका उपसर्गावर अशा प्रकारे १ कोटी ६७ लाखांहून अधिक यंत्रे बनवता येतात. सर्व अंश एकच असलेला क्रमांक, म्हणजे सहाही गटांत एफएफ, हा कोणा एका यंत्राचा नाही, त्याचा अर्थ सर्वांनी ऐकावे असा आहे. या क्रमांकाला पत्ता म्हणण्याची रूढी पडली आहे खरी, पण तो पत्ता नव्हे. यंत्र कोणी बनवले एवढे तो सांगतो, ते कोहक्यात आहे की कोथरूडमध्ये याचा त्यात काही बोध नाही.

आता भिंतीवरच्या पहिल्या पेटीकडे वळू. जुनी एकच तार मागे पडली आणि प्रत्येक संगणकाची तार एका पेटीत येऊ लागली. आरंभीच्या पेट्या एका तारेतून आलेले सर्व तारांवर पाठवीत, त्यामुळे चौकातली हाक ती चौकातली हाकच राहिली. १९९० मध्ये विनोद भारद्वाज यांनी स्थापन केलेल्या एका अमेरिकन कंपनीने सात तारांची वेगळ्या प्रकारची पेटी बाजारात आणली. त्या कंपनीचे नाव कल्पना असे होते, आणि मराठी वाचकाला ते त्या पेटीस सर्वथा शोभणारे वाटेल. ही पेटी म्हणजे आजच्या स्विचची पूर्वज. स्विच स्वतः कोणालाही काही विचारीत नाही. फ्रेम आली की तो पाठवणाऱ्याचा क्रमांक पाहतो आणि आपल्या कोष्टकात नोंद करतो की हा क्रमांक तिसऱ्या छिद्राच्या बाजूला राहतो. पुढे त्या क्रमांकासाठी काही आले तर ते तिसऱ्या छिद्रातूनच सोडतो, इतरांना त्रास देत नाही. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी आलेली फ्रेम तो सर्वत्र पाठवतो, ज्याची असेल तो उत्तर देतो, आणि त्या उत्तरातूनच स्विचला त्याचे घर कळते. काही काळ, बहुधा पाच मिनिटे, एखाद्या यंत्राकडून काहीच आले नाही तर ती नोंद पुसली जाते. नव्या गावात आलेला हुशार पोस्टमन याच रीतीने घरे शिकतो. तो यादी मागत नाही, कोण कोणत्या दारातून बाहेर पडतो हे पाहतो.

या शहाण्या पेटीची एक दुखरी बाजू आहे. केंद्रातील एखाद्या मुलाने झाडलोट करताना सुटलेली तार सापडली म्हणून तिची दोन्ही टोके एकाच स्विचच्या दोन छिद्रांत खोचली, तर क्षणार्धात सारे केंद्र ठप्प होते. सर्वांसाठी असलेली एक फ्रेम एका छिद्रातून बाहेर पडते, त्याच तारेने दुसऱ्या छिद्रातून आत येते, पुन्हा सर्वत्र जाते, पुन्हा आत येते. फ्रेमवर तिचे आयुष्य मोजणारा आकडा नसतो, त्यामुळे ती मरत नाही, आणि दर फेरीला तिच्या प्रती वाढतात. स्विचवरचे सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकू लागतात, ही त्याची खूण. डिजिटल कंपनीतील राडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास यावर एक नामी युक्ती काढली. अनेक स्विच परस्परांशी बोलून आपल्यापैकी एकाला मूळ मानतात आणि ज्या वाटांमुळे वर्तुळ तयार होते त्या आपण होऊन बंद ठेवतात, जेणेकरून मुळापासून फांद्यांपर्यंत एकच वाट उरते. मोठ्या स्विचमध्ये ही सोय असते. भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या स्वस्त स्विचमध्ये बहुधा नसते. तेथे तार काढणे हाच उपाय.

एवढ्यावर केंद्रातील चार संगणक आणि एक छपाईयंत्र यांचे भागेल. जगाशी संबंध आला की मात्र ओळखीवर भागत नाही. अब्जावधी यंत्रांच्या गर्दीत केवळ नावाने कोणाला शोधणे अशक्य आहे, त्यासाठी स्थान सांगणारा पत्ता हवा. आपल्या टपालखात्यापुढेही हाच प्रश्न होता. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या नाना भाषा, अशा गोंधळावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन कोडचा तोडगा काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर लागू झाला. वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. या सहा आकड्यांतील पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगढ यांपैकी कोठेतरी जाणार हे कळते, आणि पहिले तीन आकडे ४९० असले की ते भिलाईच्या थैलीत पडते. पत्र छाटणाऱ्याला पुढचा मजकूर वाचण्याची गरजच राहत नाही.

आयपी ॲड्रेस याच तत्त्वावर चालतो. सप्टेंबर १९८१ च्या मानकाप्रमाणे तो ३२ अंशांचा असतो आणि ठिपक्यांनी वेगळे केलेल्या चार आकड्यांत लिहितात. समजा, केंद्रातील एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१२ आहे आणि छपाईयंत्राचा १९२.१६८.१.२० आहे. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे दोघे एकाच आळीत राहतात. संगणकाला हे कळते, पण तारेवरची फ्रेम आयपी पत्त्यावर चालत नाही, तिला मॅक क्रमांक लागतो. तो कसा मिळवायचा? संगणक सर्वांना उद्देशून हाक देतो की १९२.१६८.१.२० हा पत्ता ज्याचा असेल त्याने आपला क्रमांक कळवावा. छपाईयंत्र उत्तर देते, संगणक ते उत्तर काही वेळ लक्षात ठेवतो आणि मग अर्ज छापला जातो. ही रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडली आणि ती एआरपी या नावाने ओळखली जाते. आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तीच चालू आहे.

या रीतीत एक भाबडेपणा आहे. उत्तर देणारा खरे बोलतो की खोटे हे कोणी तपासत नाही. केंद्रात येऊन आपला संगणक जोडणाऱ्या एखाद्या लबाड माणसाने छपाईयंत्राच्या किंवा राउटरच्या नावाने खोटे उत्तर दिले, तर इतरांच्या फ्रेमा त्याच्याकडे जाऊ लागतात. तो त्या वाचून पुढे पाठवून देतो, आणि कोणाला संशयही येत नाही. बँकेचा मजकूर अलीकडे गुप्त लिपीत पाठवतात म्हणून यातून होणारी हानी पुष्कळ कमी झाली आहे. तरीही, अनोळखी जाळ्यात आपला फोन जोडताना आपण त्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राच्या प्रामाणिकपणावर विसंबत असतो, हे जाणून असावे.

आता भिलाईत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील गृहस्थ या केंद्रात येतात आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका नागपूरच्या आतेभावाला पाठवायची म्हणून सांगतात. ती आधी डाक सांभाळणाऱ्या एखाद्या दूरच्या यंत्राकडे जावयाची असते. त्या यंत्राचे पहिले आकडे जुळत नाहीत, म्हणजे ते आळीबाहेरचे. अशा वेळी संगणक ते पाकीट राउटरच्या हवाली करतो. येथे थोडे नीट पाहावे. पाकिटावर अखेरच्या यंत्राचा आयपी पत्ता तसाच राहतो, परंतु बाहेरच्या फ्रेमवर मॅक क्रमांक राउटरचा असतो. राउटर ती फ्रेम फोडतो, पाकीट बाहेर काढतो, पत्ता पाहतो आणि नव्या फ्रेममध्ये घालून पुढच्या राउटरकडे देतो. हावडा-मुंबई मार्गावरील टपालगाडीत असेच होत असे. पत्रावरचा पत्ता शेवटपर्यंत तोच, पण ज्या थैलीत ते पडले ती थैली आणि तिच्यावरची चिठ्ठी छाटणीच्या ठाण्यावर बदलायची. म्हणून केंद्रातील संगणकाचा मॅक क्रमांक राउटरच्या पलीकडे कधी जातच नाही. यंत्राची जन्मखूण आळीतल्या आळीत राहते.

३२ अंशांत ४२९ कोटी पत्ते होतात. ते जगाला पुरणार नाहीत हे १९९० नंतर स्पष्ट होऊ लागले. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. १२८ अंशांचे नवे पत्ते तयार आहेत आणि त्यांचा वापर वाढतो आहे, पण मधल्या काळात एक काटकसरीची तोड निघाली आणि तीच रूढ झाली. फेब्रुवारी १९९६ च्या एका मानकाने काही पत्ते खाजगी म्हणून वेगळे काढले, ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, मात्र घराबाहेर नेऊ नयेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. त्यामुळे १९२.१६८.१.१ हा पत्ता कोहक्यातील राउटरचा आहे, तसाच लाखो घरांतील राउटरांचा आहे. घरातील यंत्र बाहेर काही पाठवते तेव्हा राउटर त्यावरील खाजगी पत्ता काढून आपला बाहेरचा पत्ता लिहितो, आणि कोणाचे काय गेले याची नोंद स्वतःपाशी ठेवून आलेले उत्तर योग्य यंत्राला देतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दहा माणसांचे कुटुंब एकच माणूस दिसतो. तो बाहेरचा पत्ताही राउटरच्या मालकीचा नसतो. सेवा देणारी कंपनी तो काही काळापुरता भाड्याने दिल्यासारखा देते, मुदत संपली की तोच पत्ता दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. रिकामे झालेले क्वार्टर दुसऱ्या कामगाराला मिळावे तसेच हे.

ही तांत्रिक बाब माणसाच्या जिवावर कशी बेतू शकते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच घडली. २००७ साली छत्रपती शिवाजी महाराजांविषयी एक आक्षेपार्ह चित्र इंटरनेटवर टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. पुरावा होता तो एका आयपी पत्त्याचा. तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता याविषयी सेवा देणाऱ्या कंपनीकडून आलेली माहिती चुकीची होती, हे पुढे उघड झाले. तोवर त्या निरपराध तरुणाचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. क्वार्टरचा क्रमांक बरोबर होता, तेथे त्या वेळी कोण राहत होते हे मात्र चुकले.

दुसरे उदाहरण २६ जुलै २००८ चे. अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचे एक पत्र संगणकावरून आले. पत्त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका इमारतीत, तेथे राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या राउटरपर्यंत पोहोचला. त्या गृहस्थाचे बिनतारी जाळे कोणालाही जोडता येईल असे उघडे होते. त्याचा उपयोग दुसऱ्यानेच करून घेतला होता, आणि पुढील तपासात इंडियन मुजाहिदीन या संघटनेच्या लोकांवर आरोप ठेवण्यात आले. येथे पत्ता बरोबर होता आणि घरही बरोबर होते, फक्त पाठवणारा घराबाहेरचा होता. राउटरच्या आतल्या बाजूला कोणत्या मॅक क्रमांकाचे यंत्र त्या क्षणी जोडलेले होते, हे केवळ त्या राउटरच्या स्मरणात असू शकते. घरगुती राउटरचे स्मरण फार तोकडे असते, वीज गेली की बहुधा तेही पुसले जाते.

आणि मॅक क्रमांक सापडला तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. कारखान्यात दिलेला क्रमांक बदलता येत नाही असा एक समज आहे, पण तो खरा नाही. संगणकाला आपण सांगू तो क्रमांक तो फ्रेमवर लिहितो. क्रमांकाच्या पहिल्या गटातील एक अंश याच कामासाठी राखलेला आहे. तो एक असला की हा क्रमांक कारखान्याने दिलेला नसून जागच्या जागी ठरवलेला आहे असे समजावे. अलीकडे तर फोन हे आपण होऊन करतात. बाजारात हिंडणाऱ्या माणसाचा फोन दुकानोदुकानीच्या बिनतारी जाळ्यांना आपला कायमचा क्रमांक सांगत गेला, तर त्याच्या हिंडण्याचा नकाशा कोणीही बनवील. म्हणून २०१९ पासून अँड्रॉइडच्या आणि २०२० पासून आयफोनच्या नव्या आवृत्त्या प्रत्येक जाळ्याला वेगळा, मनचा क्रमांक सांगतात. १९८१ च्या निबंधातील जन्मभर पुरणारी ओळख चाळीस वर्षांत अशी स्वखुशीने झाकली जाऊ लागली. ज्या वसतिगृहांनी किंवा वाचनालयांनी मॅक क्रमांकांची वही करून जाळ्यात प्रवेश देण्याची पद्धत ठेवली, त्यांची यामुळे तारांबळ उडते. आपला फोन जोडला जात नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दोष देण्याआधी तेथील व्यवस्थापकाने ही गोष्ट पाहावी.

२०११ च्या नियमांनुसार पैसे घेऊन लोकांना संगणक वापरू देणाऱ्या चालकाला येणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी लागते आणि त्याची नोंद निदान एक वर्ष जपावी लागते. असे केंद्र चालवणाऱ्याने प्रत्येक संगणकावर मोठ्या अक्षरांत एक, दोन, तीन, चार असे आकडे चिकटवावेत, राउटरमध्ये त्या चारही यंत्रांना कायमचे खाजगी पत्ते नेमून द्यावेत, बिनतारी जाळ्याला परवलीचा शब्द ठेवावा आणि गल्ल्यापाशी एक रेघांची वही ठेवावी. वहीत नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि संगणकाचा आकडा. भिंतीवरचे घड्याळ आणि राउटरमधले घड्याळ एकच वेळ दाखवते काय, हे आठवड्यातून एकदा ताडून पाहावे.